पैदाशीच्या घोड्याची जुनी जाहिरात कशी वाचायची

न्यूझीलंडमध्ये कँटरबरी भागात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. अ‍ॅशबर्टनजवळ त्यांनी जुनं फार्महाऊस घेतलं. तिथल्या तबेल्यात भिंतीच्या फळीला चिकटवलेलं एक छापील कार्ड सापडलं. साल १८८६. वर घोड्याचं चित्र, त्याखाली क्लाइड्सडेल या ओझ्याच्या घोड्यांच्या स्कॉटिश जातीतल्या एका घोड्याची वंशावळ, मग सोमवार ते शनिवार गावांची नावं, आणि तळाशी बारीक अक्षरांत पैशाच्या अटी. घोड्याचं नाव फाटून गेलंय. ताईंनी विचारलंय की हा घोडा रोज गावं का बदलत होता, अटींचा अर्थ काय, बापजाद्यांची एवढी यादी कोण वाचायचं, आणि यातून साध्या शेतकऱ्याला खरंच काही मिळत होतं का.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून माझं आयुष्य पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर घोड्या तपासण्यात गेलं. मध्ये काही हंगाम न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरही काम केलं. अशी कार्डं मी तिकडे पाहिली आहेत आणि मला ती फार मोलाची वाटतात. ताई, हे कार्ड वरून खाली वाचू नका, खालून वर वाचा. वरचा मजकूर घोड्याच्या मालकाने लिहिलेला असतो. तळाच्या अटी मात्र गिऱ्हाइकांशी झालेल्या भांडणांतून तयार झालेल्या असतात, म्हणून खरी माहिती तिथे जास्त.

तर आधी अटी. त्या काळात त्या भागात ओझ्याच्या, नांगराच्या घोड्याकडून घोडी फळवून घ्यायची फी साधारण दोन ते चार पौंड असायची. शर्यतीच्या रक्ताचा घोडा असेल तर फी गिनीत सांगायचे आणि ती बरीच चढी असायची. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंड म्हणजे २०. फीशिवाय मोतद्दाराचे, म्हणजे घोडा सांभाळून गावोगाव नेणाऱ्या माणसाचे, अडीच किंवा पाच शिलिंग वेगळे लिहिलेले दिसतील आणि ते पहिल्याच वेळी रोख द्यायचे असत. याचं कारण सरळ आहे. मालकाची मूळ फी हंगाम संपताना, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, गव्हाच्या कापणीच्या तोंडावर यायची. तोवर रोज रस्त्यावर असणाऱ्या माणसाने खायचं काय? ते पाच शिलिंग त्याचे.

मग ‘हमी’चा दर. बऱ्याच कार्डांवर दोन दर असतात: एक साधा, दुसरा थोडा जास्त, पण शिंगरू झालं तरच द्यायचा. साधा दर घेतला तर घोडी रिकामी राहिली तरी पैसे गेले. हमीचा दर घेतला तर जोखीम घोड्याच्या मालकाची. हमीचा दर साध्यापेक्षा किती चढा ठेवलाय यावरून मालकाला स्वतःच्या घोड्याच्या फळण्यावर किती विश्वास होता याचा बरा अंदाज येतो. फरक कमी असेल तर घोडा खात्रीचा. मी कार्ड हातात घेतलं की आधी हे दोन आकडे बघतो.

तिसरी अट अशी: ‘एकाच मालकाच्या दोन किंवा अधिक घोड्या असल्यास सवलत, मात्र त्या खरोखर त्याच्याच मालकीच्या असाव्यात.’ ‘खरोखर’ हा शब्द उगाच आलेला नाही. शेजारी-शेजारी मिळून आपापल्या घोड्या एकाच्या नावावर दाखवायचे आणि सवलत वाटून घ्यायचे. मालकांच्या ते लक्षात आल्यावर जाहिरातीत ही ओळ कायमची बसली. चौथी अट चरायच्या कुरणाची: घोडी आमच्याकडे ठेवली तर काळजी घेऊ, पण पळाली, लंगडली, मेली तर जबाबदारी आमची नाही. पुण्याजवळच्या एखाद्या स्टड फार्मचा आजचा करार काढून बघा, हे कलम थोड्याफार फरकाने तसंच सापडेल.

आता गावांच्या नावांकडे येऊ. कँटरबरीची सपाटी म्हणजे मैलोन्‌मैल गहू, ओट आणि मेंढ्या. शेतं मोठी, वस्त्या विरळ. शेतकऱ्याच्या घोड्याच त्याचा नांगर ओढायच्या. तिकडे घोडी माजावर येण्याचा काळ म्हणजे वसंत ऋतू, सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत. नेमक्या त्याच वेळी शेतात कामं चालू असतात. अशा वेळी घोडी जुंपणीतून सोडून वीस मैल न्यायची, पुन्हा आणायची, तीन आठवड्यांनी पुन्हा न्यायची, हे एका-दोघांच्या बळावर शेत चालवणाऱ्याला परवडत नव्हतं. त्यापेक्षा एका घोड्याने चालत यावं हे सगळ्यांच्या सोयीचं. म्हणून समजा, सोमवारी अ‍ॅशबर्टनहून निघून टिनवाल्ड, मंगळवारी हाइंड्स, मग मेफील्डच्या बाजूने वर, आणि शनिवारी पुन्हा गावात, असा फेरा ठरलेला असायचा. मोतद्दार एखाद्या हलक्या घोड्यावर किंवा गाडीत, आणि शेजारी लगामाला धरलेला जवळजवळ टनभर वजनाचा घोडा. मुक्कामाची शेतं ठरलेली. तुमचा तबेला अशा मुक्कामांपैकी असण्याची शक्यता चांगली आहे, कारण कार्ड चिकटवायचे ते जिथे आजूबाजूचे लोक आपली घोडी घेऊन येत तिथे.

हा फेरा आठवड्याचाच का, हे कळायला घोडीचं शरीर समजून घ्यायला हवं. घोडी साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज पाच ते सात दिवस टिकतो. म्हणजे सात दिवसांनी घोडा येत राहिला तर माजाचा एखादा तरी दिवस बहुतेक वेळा सापडतो. घोडी लावल्यावर तिसऱ्या आठवड्याला घोडा परत दारात येतो तो नेमका २१व्या दिवशी. तेव्हा घोडी उलटली का, म्हणजे न फळता पुन्हा माजावर आली का, हे कळतं. व्यायलेल्या घोडीला सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा माज येतो, तोही या फेऱ्यात बसतो. त्या मोतद्दारांनी पुस्तकं वाचली नव्हती, पण त्यांचं वेळापत्रक घोडीच्या शरीराला अगदी नेमकं जुळलेलं होतं.

तरी त्यात एक उणीव होती आणि ती कार्डावर कुठेच लिहिलेली नसते. बीज सुटतं ते माजाच्या अगदी शेवटी, माज संपायच्या आधीच्या एक-दोन दिवसांत. घोडा नेमका माजाच्या पहिल्या दिवशी दारात आला, त्याच दिवशी घोडी लावली आणि तो पुढच्या गावाला गेला, तर बीज सुटेपर्यंत नराचं वीर्य बहुधा निकामी झालेलं असतं. आज आम्ही सोनोग्राफीवर बीजकोष मोजतो आणि दिवस ठरवतो. तेव्हा दिवस ठरवत होता तो रस्ता. फिरत्या घोड्याच्या कितीतरी घोड्या रिकाम्या राहत त्या घोड्याच्या दोषामुळे नव्हे, तर वाराच्या दोषामुळे. जाणता शेतकरी मोतद्दाराला सांगायचा, ‘आज नको, शनिवारी गावात घेऊन येतो.’ अशी माणसं शिंगरांच्या बाबतीत शेजाऱ्यांपेक्षा नेहमी पुढे असत.

घोडी तयार आहे की नाही हे कसं बघत? ही पद्धत मी आजही रोज वापरतो, त्यामुळे नीट सांगतो. छातीएवढ्या उंचीची भक्कम आडवी फळी, तिला गोणपाट किंवा चामडं बांधलेलं. एका बाजूला घोडी, दुसऱ्या बाजूला घोडा. घोडा फळीवरून तिची मान, मग खांदा हुंगतो. घोडी तयार नसेल तर कान मागे टाकते, किंचाळते, वळून लाथ झाडते. फळी असते ती यासाठीच, नाहीतर नराचा पाय मोडायचा आणि पूर्ण हंगाम बुडायचा. घोडी तयार असेल तर मागचे पाय फाकवून किंचित बसते, शेपूट बाजूला घेते, थोडं थोडं मुतते आणि योनीची पाकळी उघडझाप करते. काही लाजाळू घोड्या फळीशी काहीच दाखवत नाहीत आणि घोडा दूर नेला की मग शेपूट उचलतात. विशेषतः शिंगरू पायाशी असलेली घोडी. तिचं शिंगरू तिच्या डोळ्यांसमोर धरून ठेवावं लागतं, नाहीतर तिचं मन दुसरीकडे लागतच नाही. लावण्याआधी घोडीच्या मागच्या पायांचे नाल काढायचे, पायांना दोर घालायचा, शेपटीला पट्टी गुंडाळायची. हे करणारा माणूस शांत नसेल तर कितीही चांगल्या रक्ताचा घोडा वाया. त्या पाच शिलिंगांत हे कसब विकत मिळत होतं, आणि माझ्या मते ती फी फार कमी होती.

आता वंशावळ. तुमच्या कार्डावर बापाच्या किंवा आजोबाच्या नावापुढे कंसात आकडा आहे का बघा. तो स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेल स्टड बुकातला, म्हणजे या जातीच्या वंशावळीच्या वहीतला, नोंदणी क्रमांक. हे पुस्तक काढणारी संस्था १८७७ मध्ये स्थापन झाली आणि पहिलं पुस्तक १८७८ मध्ये निघालं. त्यामुळे १८६०च्या दशकातल्या जाहिरातींत आकडे नसतात. त्याऐवजी अमुक प्रदर्शनात पहिलं बक्षीस, तमुक माणसाने पैदास केलेला, अशी साक्ष असते. १८८६च्या कार्डावर आकडा नसेल तर दोन अर्थ निघतात: घोडा वसाहतीतच जन्मलेला असेल आणि त्याची नोंद नसेल, किंवा बापाचं मोठं नाव नुसतंच लावलेलं असेल. त्या काळात सगळ्यात जास्त मिरवलेली दोन नावं म्हणजे १८६६ मध्ये जन्मलेला प्रिन्स ऑफ वेल्स, क्रमांक ६७३, आणि १८७२ मध्ये जन्मलेला डार्नली, क्रमांक २२२. यांपैकी एकाचं रक्त आहे असं लिहिता आलं की फी वाढवता यायची.

गंमत अशी की खुद्द प्रिन्स ऑफ वेल्सच्या आज्या शायर या इंग्लंडमधल्या ओझ्याच्या घोड्यांच्या जातीच्या रक्ताच्या असाव्यात अशी चर्चा त्याच्या काळातच होती. त्याचा मालक लॉरेन्स ड्रू तर उघड म्हणायचा की क्लाइड्सडेल आणि शायर मुळात एकच. नोंदणी संस्थेशी त्याचं यावरून इतकं फाटलं की १८८३ मध्ये त्याने सोबत्यांना घेऊन वेगळी संस्था काढली. म्हणजे ज्या शुद्धतेच्या नावावर इतकी कार्डं छापली गेली, तिच्या मुळाशीच एक जाणता पैदासकार संकर बघत होता आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. मला ड्रूचं पटतं. वंशावळीचं पुस्तक ही कामाची वही आहे. कोणता बाप कशी शिंगरं देतो हे पुढच्या माणसाला कळावं, एवढ्यासाठी ती ठेवायची.

चित्राबद्दल एक सांगायला हवं. ते तुमच्या घोड्याचं नाही. छापखान्याकडे घोड्याचे एक-दोन ठसे असायचे आणि तेच सगळ्या जाहिरातींवर चालायचे. घोड्याचं खरं वर्णन मजकुरात असतं: रंग, उंची किती मुठी, हाडाची जाडी, पायांवरचे केस. चारही पाय पांढरे आणि कपाळावरून नाकापर्यंत पांढरा पट्टा असं लिहिलं असेल तर आपल्याकडे ज्याला पंचकल्याणी म्हणतात तसा तो घोडा होता. क्लाइड्सडेलमध्ये हे रूप फार आढळतं. रूप ठीक आहे, पण नांगर पाय ओढतात.

आणि पायांबद्दल कार्ड गप्प असतं. ओझ्याच्या घोड्यात खुराच्या वर, दोन्ही बाजूंना, लवचीक कुर्च्या असतात. अंगठ्याने दाबल्या तर रबरासारख्या दबतात. काही घराण्यांत त्या तरुण वयातच हाड होऊन बसतात, मग घोडा कठीण रस्त्यावर अखडून चालतो. हा दोष शिंगरांत उतरतो. तसंच ढोपरावरची हाडं वाढणं, पळताना घशातून घरघर आवाज येणं, काही प्रकारचा मोतीबिंदू. वंशावळ कितीही लांब असली तरी अशा घोड्याला घोडी लावू नये. खरेदीदाराला हे तपासायची संधी मिळायची ती हंगामाच्या तोंडावर गावागावांत भरणाऱ्या घोड्यांच्या परेडमध्ये. कँटरबरीची शेतकी संस्था १८६३ची. क्राइस्टचर्चला वसंताच्या सुरुवातीला पैदाशीचे घोडे रस्त्यावरून चालवत आणायचे, आणि शेतकरी दोन्ही बाजूंना उभे राहून समोरून, मागून, चालताना, दुडक्या चालीत बघायचे. जाहिरातीत ‘परेडला दिसेल’ असं लिहिलं असेल तर मालकाला घोडा दाखवायची भीती नव्हती, असं समजायला हरकत नाही. सरकारी तपासणी फार उशिरा आली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पशुवैद्यांकडून दाखले द्यायला लागले. ब्रिटनमध्ये कायदा झाला तो १९१८ मध्ये. तोवर सगळी भिस्त शेतकऱ्याच्या नजरेवर होती.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: साध्या शेतकऱ्याला काही मिळालं का? मिळालं, आणि चांगलंच मिळालं. हिशोब असा. त्याच्याकडची घोडी कसल्याही मिश्र रक्ताची धरा. तिला नोंदलेला क्लाइड्सडेल लावला की शिंगरू निम्मं क्लाइड्सडेल. ते घोडी निघालं तर तिसऱ्या वर्षी तिला दुसरा तसाच घोडा लावायचा. घोडी ११ महिने गाभण असते, म्हणजे चौथ्या वर्षी पाऊण रक्ताचं शिंगरू. आणखी एक पिढी गेली की आठात सात. पहिलं शिंगरू जन्मल्यापासून आठच वर्षं. वीस हजार किलोमीटर लांबून, तीन महिन्यांच्या बोटीच्या प्रवासात डेकवरच्या खोक्यात उभा राहून आलेल्या घोड्याचं रक्त असं एकेका घोडीमागे दोन-तीन पौंडांत खेड्यातल्या गोठ्यात पोचलं. न्यूझीलंडमध्ये पहिले घोडे उतरले ते १८१४ मध्ये, मिशनरी सॅम्युएल मार्सडेनसोबत, एक घोडा आणि दोन घोड्या. १९११ पर्यंत तिथल्या घोड्यांची संख्या चार लाखांवर गेली, तेव्हा माणसं होती दहा लाखांच्या आसपास. एवढा पसारा काही मोजक्या श्रीमंत स्टड फार्मनी उभा केला नाही. तो तुमच्या कार्डासारख्या कार्डांनी उभा केला.

त्या शेतकऱ्याच्या हातात स्वस्त जमीन होती हेही विसरून चालणार नाही. कँटरबरीची बहुतेक जमीन १८४८ मध्ये नगाई ताहू या माओरी लोकांकडून अवघ्या २,००० पौंडांत लिहून घेतली गेली, आणि त्यांना राखून ठेवायची कबूल केलेली जमीन पुरेशी दिली गेली नाही. ज्या कुरणांत या घोड्या चरल्या त्यांचा हाही इतिहास आहे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मात्र वेगळीच गोष्ट, आणि ती आपल्याकडच्या अनुभवाशेजारी ठेवली की लख्ख दिसते. इंग्रजांनी घोड्यांच्या पैदाशीचे प्रयत्न दख्खनमध्येही केले. शिरूर तालुक्यातल्या आलेगाव पागा इथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारची पैदास होती. ती टिकली नाही. पुढेही सरकारी घोडे जिल्ह्यांत ठेवले गेले, पसंत केलेल्या माद्यांना डाग देऊन फुकट सेवा दिली गेली. भीमथडीच्या तट्टांचं नाव मराठ्यांच्या काळापासून होतं, घोडं जाणणारी माणसंही आपल्याकडे होती. तरी लष्कराला लागणारे मोठे घोडे मुंबईच्या बंदरावर ऑस्ट्रेलियातूनच उतरत राहिले. न्यू साउथ वेल्सवरून त्यांना वेलर म्हणत.

असं का झालं? कारण आपला शेतकरी नांगरतो बैलांनी. मोठ्या हाडाचं शिंगरू त्याच्या स्वतःच्या काही कामाचं नव्हतं. ते घेणारं गिऱ्हाईक एकच, लष्कर. तीन-साडेतीन वर्षं पोसा, आणि साहेबाने नापसंत केलं की घरी ठेवा. अशा धंद्यात घोडा फुकट मिळाला तरी महाग. कँटरबरीत मात्र ज्याने घोडी लावली त्यालाच चार वर्षांनी त्या शिंगराच्या मागे नांगराचे दांडे धरून चालायचं होतं. बापाचे पाय वाकडे असले तर त्याची शिक्षा त्याला स्वतःला, रोज, सहा-सहा तास. म्हणून तो फी देताना डोळे उघडे ठेवायचा, परेडला जाऊन अंगठ्याने खुरावरच्या कुर्च्या दाबून बघायचा आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या शिंगरांकडे बघून घोडा बदलायचा. चांगल्या रक्ताची किंमत सरकारी हुकमाने कळत नाही, ती वापरणाऱ्याला कळते. आपल्याकडे गायी-म्हशींच्या सरकारी रेतन केंद्रांचं काम बघताना हे मला पुन्हा पुन्हा जाणवत आलंय. ज्या गावात पैदास झालेली कालवड त्याच घरात दुधाला राहते तिथे लोक वळूची चौकशी करतात. जिथे ती विकायचीच असते तिथे रेताची कोणतीही कांडी चालते.

शर्यतीच्या घोड्यांचं गणित थोडं निराळं होतं, कारण तिथे बक्षिसाची आशा असते आणि आशेपायी माणूस बरंच काही सहन करतो. कँटरबरीत १८६२ मध्ये आणलेला ट्रॅड्यूसर इतका खुनशी होता की मोतद्दार जीव मुठीत धरून त्याच्याजवळ जात. तरी लोकांनी आपल्या घोड्या त्याच्याकडे धाडल्या, कारण त्याची शिंगरं जिंकत होती. नांगराच्या घोड्यात असा स्वभाव कुणी एक हंगामही खपवून घेतला नसता. ऑकलंडला १८७८ मध्ये मस्केट नावाचा शर्यतीच्या रक्ताचा घोडा आला. सुरुवातीला त्याची तितकी कदर झाली नाही, गाडीच्या घोड्यांसाठीही त्याला वापरलं गेलं. १८८५ मध्ये तो मेला. त्याच वर्षी जन्मलेला त्याचा मुलगा कार्बाइन ४३ शर्यतींपैकी ३३ जिंकला. १८९० ची मेलबर्न कप त्याने पाठीवर सुमारे ६६ किलो वजन घेऊन ३८ घोड्यांना मागे टाकून मारली. १८९५ मध्ये त्याला इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ पोर्टलंडने विकत घेतलं. तिथे त्याला झालेला स्पिअरमिंट १९०६ ची डर्बी जिंकला. स्पिअरमिंटची मुलगी कॅटनिप, तिची मुलगी नोगारा, आणि नोगाराचा मुलगा निअर्को. निअर्कोचं रक्त नसलेला शर्यतीचा घोडा आज शोधूनही सापडणं कठीण. पुण्याच्या रेसकोर्सवर आणि महालक्ष्मीला जी घोडी पळतात त्यांची वंशावळ मागे नेत गेलात तर जवळपास प्रत्येकीत कुठेतरी ऑकलंडचा तो मस्केट निघतो. मी घोडीच्या पोटावर हात ठेवून शिंगराची हालचाल बघतो तेव्हा हे अंतर मनात आल्याशिवाय राहत नाही.

तुमच्या कार्डाकडे परत येतो. ते फळीवरून काढायचा प्रयत्न पाणी किंवा वाफ वापरून अजिबात करू नका. जुनी शाई पसरते, कागदाचा लगदा होतो. आधी बाजूने तिरका उजेड टाकून फोटो घ्या, फाटलेल्या नावाच्या अक्षरांचे दाब त्यात दिसू शकतात. मग अ‍ॅशबर्टन म्युझियममधल्या लोकांना दाखवा, आणि वेळ आलीच तर आख्खी फळी काढा. नाव शोधायचं असेल तर १८८६च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमधले ‘अ‍ॅशबर्टन गार्डियन’चे अंक चाळा. ते वर्तमानपत्र १८७९ पासून निघतंय आणि कार्डावरची जाहिरात बहुधा तशीच्या तशी तिथेही छापलेली असते. गावांचा क्रम आणि वार जुळला की घोडा सापडला. बापाच्या नावापुढचा आकडा वाचता आला तर मला कळवा, त्यावरून आजा-पणजा शोधता येतील. आणि कार्डाच्या कडेला, आसपासच्या फळ्यांवर पेन्सिलीने काही तारखा लिहिलेल्या दिसतात का, तेही नक्की बघा. एकवीस दिवसांच्या अंतराने दोन तारखा असतील तर ती घोडी उलटली होती. एकच तारीख असेल आणि पुढे काही नसेल, तर घोडी बहुधा फळली असावी; त्यात ११ महिने मिळवा, शिंगरू साधारण कधी जन्मलं असेल याचा अंदाज येईल.